मंगळवार पेठेतली नॅशनल: घ्यायची का नाही, त्याच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळी मंगळवार पेठेत जाऊन नॅशनल, म्हणजे धातूच्या बॉडीची जुनी अमेरिकन गिटार, बघून आलो. दोन आठवडे नुसता फोटो बघत होतो, फोटोत ती चकाचक दिसते, प्रत्यक्षात चमक आहे पण कडेनं बारीक फोड आलेत, प्लेटिंग खालून उचललंय. काळ्या प्लायवूडची पेटी, आत जुन्या लुगड्याचं अस्तर, आणि पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास. गिटार ज्यांच्या घरात आहे त्या काकूंचे सासरे ती स्टुडिओच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, कोल्हापुरात शूटिंगं जोरात चालायची त्या काळात. मांडीवर आडवी घेऊन, वरनं लोखंडी बार सरकवत. काकू म्हणाल्या, "मामंजी गेल्यापासनं कुणी हात लावला न्हाई बघा, मीच दसऱ्याला काढून पुसत्ये आणि परत ठेवत्ये."

किंमत काकूंच्या भाच्यानं सांगितली, एक लाख ऐंशी हजार. त्यानं नेटवर बघून काढलीय, "१९३० ची हाय दादा, पितळेची, वरनं निकेल."

वाजवून बघितली. तारा गंजलेल्या होत्या ते सोडा, पण आवाज दबका. रेझोनेटर, म्हणजे आत पत्र्याचा शंकूसारखा कोन बसवलेली गिटार, म्हटल्यावर पहिल्या फटक्याला जो कडक आवाज अंगावर येतो तो नाही, कुणीतरी आत कापड कोंबल्यागत वाटत होतं. आणि तारा इतक्या वर की बाराव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या सळीला, मोजपट्टी लावली तर आठ मिलीमीटर भरले. मनात म्हटलं नेक, म्हणजे मान, गेला, विषय संपला.

मग निघता निघता नटकडं, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरनं जातात त्या पट्टीकडं, लक्ष गेलं. नटवर एक लोखंडी खोबणीची पट्टी नुसती बसवलीय, तारा त्या पट्टीवरनं जातायत. म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायला तारा मुद्दाम उचलल्यात. ही पट्टी काढली की खरी उंची कळेल. म्हणून अजून विषय संपलेला नाही.

१५ सप्टेंबर, रात्री

वर्कशॉप बंद करून आल्यावर बसलो. नक्की काय चीज आहे ते आधी ठरवायला पाहिजे, कारण आपल्याकडं मधी गोल पत्रा दिसला की सगळे "डोब्रो" म्हणून मोकळे होतात, आणि तीन वेगळ्या जातींच्या गिटारी एका नावात जातात.

पहिली जात तीन कोनची. जॉन डोपेरा, मूळचा स्लोव्हाक, लॉस एंजेलिसमध्ये दुकान. त्या वेळी गिटारीला ॲम्प्लिफायर नव्हता, बँडमधल्या बाकीच्या वाद्यांपुढं गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून त्यानं धातूच्या बॉडीत ॲल्युमिनियमचे तीन पातळ कोन बसवले, वर टी आकाराचा ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी. १९२७ मध्ये नॅशनल कंपनीनं ती बाजारात आणली. दुसरी जात एका कोनची, साडेनऊ इंची कोन, टोक वरच्या बाजूला, टोकावर लाकडाची गोल चकती, तिला बिस्किट म्हणतात, बिस्किटात सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी. तिसरी खरी डोब्रो, डोपेरा भावांनी नॅशनल सोडून काढलेली. तिच्यात कोन उलटा, वाटीसारखा, आणि वर आठ पायांचा कोळी असतो तसा ओतीव ब्रिज. डोपेरा ब्रदर्सचं डोब्रो झालं, आणि स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं.

आपली दुसऱ्या जातीची आहे एवढं नक्की, कव्हरप्लेटच्या, म्हणजे कोनावरच्या झाकणाच्या, मधल्या पट्टीखाली बिस्किट दिसलं. हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या शेंड्याच्या, वरच्या कडेला नंबर ठोकलाय, पुढं इंग्रजी सी अक्षर. नॅशनलमध्ये सी नं सुरू होणारे नंबर डुओलियनचे. डुओलियन म्हणजे त्यांचं धातूतलं सगळ्यात स्वस्त मॉडेल, बॉडी पोलादी पत्र्याची, वर खडबडीत, दंव पडल्यागत दिसणारा ड्यूको रंग. नेक बॉडीला बाराव्या फ्रेटला मिळतो, हेडस्टॉक खाचेचा, म्हणजे १९३० च्या दशकातली, चौदा फ्रेटवाली यायच्या आधीची.

पण डुओलियन चमकत नाही. डुओलियनला रंग असतो. मग ही चमकते कशी?

२० सप्टेंबर, शनिवार

परत गेलो. सोबत जुन्या स्पीकरचा छोटा मॅग्नेट, सुती कपड्यात गुंडाळून, म्हणजे ओरखडा पडायला नको. बॉडीच्या मागं टेकवला तर टक्कन चिकटला. बाजूला चिकटला, पुढं चिकटला. पितळेला मॅग्नेट चिकटत नाही, म्हणजे बॉडी पोलादीच. भाच्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं मी किंमत पाडायला आलोय. त्याला मॅग्नेट हातात देऊन म्हटलं तू लावून बघ, आणि देव्हाऱ्यातल्या समईलाही लावून बघ. त्यानं बघितलं. मग जरा मोकळा झाला.

त्यानंतर टॉर्च घेऊन एफ होलमधनं, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातनं, आत बघितलं आणि तिथं उत्तर मिळालं. होलच्या आतल्या कडेला, बोट पोचत नाही अशा ठिकाणी, राखाडी हिरव्या रंगाचे कण अजून चिकटून आहेत, दाणेदार, बर्फाच्या नक्षीसारखे. तोच ड्यूको रंग. म्हणजे कधीतरी इथल्याच कुठल्यातरी प्लेटिंगवाल्याकडं गिटार गेली, रंग काढला, बफ मारला आणि वर निकेल चढवलं. बफिंगची खूण मला लगेच कळते, एफ होलच्या कडा ज्या धारदार असायला पाहिजेत त्या गोल झाल्यात, एका बाजूला तर पत्रा बोटाला पातळ लागतो.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, आमच्या लग्नाच्या आधी मामंजींनी चमकवून आणलीती. स्टेजवर दिव्यात उठून दिसाय पाहिजे म्हणून."

तर हिशोब असा की गिटार खरी आहे पण मूळ रंग गेला. जुन्या वाद्यांच्या बाजारात मूळ फिनिश गेलं की किंमत एकदम खाली येते, आणि ते परत आणता येत नाही. भाच्यानं जिच्याशी तुलना केलीय ती पितळी बॉडीची स्टाईल ओ आहे, कारखान्यातनंच निकेल चढवलेली आणि अंगावर हवाई बेटांची, माडांची नक्षी असलेली. ती वेगळी आणि बरीच महाग चीज.

२१ सप्टेंबर, रविवार

आज उघडली. उद्या घटस्थापना, काकूंची घासापुशी चाललेली, तरी त्यांनी माजघरात सतरंजी टाकून दिली आणि म्हणाल्या मोडू नका म्हणजे झालं. ही परवानगी मिळाली नसती तर मी पुढं गेलोच नसतो. उघडून न बघता रेझोनेटर घेणं म्हणजे बॉनेट न उघडता गाडी घेणं.

तारा सगळ्या बरोबरीनं सैल केल्या, थोड्याथोड्या करून. नटवरची पट्टी उचलली तर बाराव्या फ्रेटला उंची साडेतीन मिलीमीटरवर आली. स्लाईडला, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवायला, हे चालतंय, बोटांनी वाजवायला जरा जास्त आहे पण नेक रिसेट करावा, म्हणजे काढून परत बसवावा, असं नाही. स्टीलची पट्टी फ्रेटवर उभी धरून बघितली, नेक सरळ. यात आपल्या आताच्या गिटारीसारखा ट्रस रॉड नसतो, वाकला असता तर चावी फिरवून सरळ करता आला नसता, म्हणून हे फार मोठं. फ्रेट तर जवळजवळ नवे. कारण सासऱ्यांनी बोटं दाबून कधी वाजवलीच नाही, बार वरच्यावर सरकत राहिला. नव्वद वर्षांच्या आसपासची गिटार आणि फ्रेटवर खड्डा नाही, हे मांडीवरच्या वाजवण्याचं देणं.

मग कव्हरप्लेट. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत जायला पाहिजे, म्हणून कागदावर गोल काढून त्यात एकेक स्क्रू टोचून ठेवला. प्लेट उचलली.

आतला कोन नॅशनलचा नाही.

बघता क्षणी कळलं. मूळ कोन इतका पातळ असतो की अंगठ्यानं दाब दिला तर चेपेल. हा मी दोन्ही हातांनी उचलला तर ताटलीसारखा ताठ. आतल्या बाजूला टूलच्या गोल गोल रेघा, मधनं सुरू होऊन कडेपर्यंत, लेथवर लाकडी फॉर्म्यावर पत्रा दाबत नेला की अशाच रेघा उमटतात. कड जाडजूड वळवलेली, पातेल्याच्या काठासारखी. हे स्पिनिंगचं काम आहे आणि शंभर टक्के उद्यमनगरमधलं. मी त्याच भागात अठरा वर्षं लेथवर काढली, भांडीवाल्यांची स्पिनिंग कामं रोज बघतो, हा हात ओळखीचा वाटला. मायक्रोमीटर लावला तर पत्रा शून्य पॉइंट सहा मिलीमीटर. वाण्याकडनं तोलायचा काटा आणून वजन केलं, अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. वरचं बिस्किट शिसवीचं, मूळ मेपलचं असतं, म्हणजे तिथंही वजन वाढलेलं.

दबक्या आवाजाचं कारण हे. तारेची ताकद थोडीच असते, ती सॅडलमधनं बिस्किटात, बिस्किटातनं कोनात जाते, आणि कोनच हवा हलवतो. कोन जड आणि ताठ असला तर तेवढ्या ताकदीत तो पुरेसा हलतच नाही.

पेटीच्या कप्प्यात सासऱ्यांची एक वही सापडली. पहिल्याच पानावर ट्यूनिंग लिहिलंय, जाड तारेपासनं: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. आणि ते बघितल्यावर मूळ कोनाचं काय झालं असेल ते माझ्या डोक्यात जुळलं. नेहमीच्या गिटार ट्यूनिंगपेक्षा यात मधल्या तीन तारा एकेक पूर्ण सूर वर ओढायला लागतात. त्यात सॅडलही उंच केलेलं, त्यामुळं तार सॅडलवरनं जास्त तिरकी खाली वळते आणि खालचा दाब वाढतो. बिस्किटवाल्या कोनाचं टोक वर असतं, सगळा दाब थेट टोकावर. वर्षानुवर्षं असं चाललं की टोक आत बसतं. माझा अंदाज आहे की तसंच बसलं, आणि त्या काळात अमेरिकेतनं कोन मागवणार कोण, म्हणून सासरे बसलेला कोन घेऊन एखाद्या स्पिनिंगवाल्याकडं गेले असणार, की असाच एक करून द्या, पण बसणार नाही असा. त्यानं तसा करून दिला. तो बसला नाही.

बाकीचं बघून घेतलं. कोन ज्या कडेवर टेकतो ती कड फीलर गेजनं फिरून तपासली, कुठं वर खाली नाही. नेकचा दांडा बॉडीच्या आतनं मागपर्यंत जातो, त्याच्या खालचे लाकडी टेकू जागेवर आहेत, एक हलतोय. आत गंज आहे पण वरवरचा, ब्रशनं निघेल. कुठं पत्रा खाल्लेला नाही. कोल्हापूरच्या पावसात एवढी वर्षं काढून आत असा पत्रा, हे त्या डांबरगोळ्यांचं आणि दसऱ्याच्या पुसण्याचं काम आहे.

सगळं होतं तसं परत बसवलं. काकूंनी कांदेपोहे दिले, कोनाबद्दल मी लगेच काही बोललो नाही. आधी मला स्वतःला नीट कळायला पाहिजे होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

मिरजेला एक काम होतं, पन्नासेक किलोमीटर, म्हटलं जाता जाता सतारमेकर गल्लीत विचारावं. मोबाईलवर त्या दिवशी केलेलं रेकॉर्डिंग होतं. तिथल्या एका चाचांकडं माझी जुनी ओळख आहे. ते तंबोऱ्याच्या घोडीवर कानस मारत होते, जवारी काढायचं काम चाललेलं, घोडीचा माथा केसाएवढा घासायचा, तार छेडायची, परत घासायचा. मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी दोन वेळा ऐकलं आणि विचारलं, "खाली काय जाड बसवलंय?"

मी कोनाची गोष्ट सांगितली. म्हणाले, "मग बरोबर. सतारीला तबली, वरची फळी, जाड राहिली तर सतार मुकी होते. कितीबी चांगली तार लावा, कितीबी जवारी काढा, आवाज आतच राहतोय. पण मुकी सतार आणि मोडकी सतार यात फरक असतो बेटा. मुकी सुधारते."

बसमधनं परत येताना हेच डोक्यात होतं. गेला पंधरवडा मी या गिटारीत काय काय गेलंय तेच मोजत होतो, रंग गेला, कोन गेला, बिस्किट गेलं. नेक सरळ आहे, फ्रेट नवे आहेत, पत्रा शाबूत आहे, कड सपाट आहे, हे सगळं शिल्लक आहे. आणि जे गेलंय त्यातलं कोन आणि बिस्किट बदलता येतं. नॅशनल रेझोफोनिक म्हणून १९८९ ला अमेरिकेत सुरू झालेली कंपनी आहे, ते नवे साडेनऊ इंची कोन विकतात, जुन्या गिटारींत लोक तेच घालतात.

५ ऑक्टोबर, रविवार

आकडे कागदावर मांडले. बाहेरच्या जाहिरातींत चांगल्या अवस्थेतल्या, मूळ रंगाच्या डुओलियनचे जे भाव दिसतात ते रुपयात करून घेतले, त्यातनं प्लेटिंगचा मोठा तुकडा काढला. मग कोन, मेपलचं बिस्किट, सॅडल, टपाल आणि कस्टम मिळून साधारण बारा हजार. टेकू आणि आतला गंज मी स्वतः करणार. नवं निकेल चढवायचं नाही असं ठरवलंय, परत बफ मारला तर एफ होलजवळचा पातळ पत्रा फाटेल.

माझ्या हिशोबानं एक लाख पाचपर्यंत जाणं योग्य. विकायची म्हणून घेणाऱ्यानं एवढे देऊ नयेत, कारण हिच्या अंगावरचं निकेल बघून संग्रह करणारा माणूस कधीच पुढं येणार नाही. वाजवायला घेणाऱ्यानं द्यावेत. मी वाजवायला घेतोय. माझ्याकडं आता जी चिनी रेझोनेटर आहे तिच्यावर पाच वर्षं ओपन डी ट्यूनिंगमध्ये वाजवतोय आणि तिचा नेक दर पावसाळ्यात हलतो.

अजून एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट केली. कोनाचं मला कळलंय, काकूंना माहीत नाही. गप्प बसून फक्त "आवाज दबका आहे हो" म्हणत भाव पाडता आला असता. ते करायचं नाही. उद्या आवाज खुलला आणि त्यांच्या कानावर आलं तर त्यांना काय वाटेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

सौदा झाला. आधी काकू, भाचा आणि मी बसलो आणि मी सगळं सांगितलं, नंबरवरनं ही खरी नॅशनल आहे, तुमच्या सासऱ्यांनी खोटी आणलेली नाही, पण पितळेची नाही, रंग गेलाय, आणि आतला कोन इथं बनलेला आहे, तो बदलला की हिचा आवाज खुलेल आणि तेव्हा ही आतापेक्षा जास्त किमतीची वाटेल. मुंबई पुण्याच्या एखाद्या जाणकाराला दाखवायची असेल तर दाखवा, मी थांबतो. भाचा म्हणाला एक दहा. मी एक लाख पाच म्हटलं. काकू एवढा वेळ गप्प होत्या, त्या भाच्याला म्हणाल्या, "ह्यांनी उघडून दाखवलं, दुसऱ्यानं दाखवलं असतं का? दे त्यांना."

एक लाख पाच हजार. चाळीस रोख, बाकीचे बँकेतनं. वही मी परत देत होतो, काकूंनी पहिल्या काही पानांचे फोटो काढून घ्यायला सांगितले आणि वही ठेवून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

कोन आला परवा. दिवाळीमुळं आणि कस्टममुळं महिना गेला. हातात घेतल्यावर पहिली भीती, हा पडला तर संपला. इतका हलका की तळहातावर ठेवून श्वास सोडला तर जाणवतं, पत्र्याची जाडी जुन्याच्या निम्म्यापेक्षा कमी.

आत पितळी ब्रश मारून गंज काढला, हलणारा टेकू सागाच्या पातळ पाचरीनं घट्ट केला. कोन नुसता कडेवर ठेवायचा असतो, चिकटवायचा नाही, तारांचा दाबच त्याला बसवतो. बिस्किटाचा स्क्रू हलक्या हातानं, फार आवळला तर टोक पिळतं आणि सैल राहिला तर तो खुळखुळतो. तेरा गेजच्या तारा, आणि ट्यूनिंग ओपन डी, म्हणजे वर ओढायच्या ऐवजी तारा उतरवून. वहीतलं ए ट्यूनिंग या कोनावर मी कधीच लावणार नाही. सॅडल कमी उंचीचं ठेवलं. तारा एकदम पूर्ण सुरात न आणता तीन टप्प्यांत आणल्या, मधी अर्धा अर्धा तास सोडून, कोन कडेवर बसताना बारीक टकटक ऐकू येत होती.

पहिला फटका मारला तेव्हा शेजारच्या शेडमधला टर्नर मशीन बंद करून बघायला आला. आवाज खोलीत नाही राहिला, बाहेर गेला. स्लाईड पाचव्या फ्रेटवरनं सातव्यावर नेली तर सूर मधी कुठं सुटला नाही, धातूचा थरथराट शेवटपर्यंत सोबत. एक बारीक झणझण होती, तासभर शोधली, ती कोनाची नव्हती, तारा खाली अडकवतात त्या टेलपीसवरचं सैल झाकण होतं. कापडाचा तुकडा घातला, गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी काकूंकडं घेऊन गेलो. त्यांनी ऐकली, पूर्ण ऐकली, भाचा तर मोबाईलवर रेकॉर्ड करत होता. काकू म्हणाल्या छान झालीय. मग जरा वेळानं म्हणाल्या, "पण मामंजींची अशी न्हवती. त्यांची जरा आतल्या आवाजात होती. सांजच्याला ते आत वाजवायचे, मी चुलीपाशी असायची, बोलत बोलत ऐकू यायची."

जुना कोन मी पिशवीत सोबत नेला होता, त्यांना परत द्यायला. तो हातात घेऊन त्यांनी उलटा सुलटा केला, हे काय आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. मी म्हटलं काकू, हा आवाज त्याचा होता, बसवू का परत, अर्धा पाऊण तास लागेल. त्या बसवा म्हणाल्या.

बसवला. शिसवीचं बिस्किट, उंच सॅडल, नटवरची पट्टी, आणि वहीतलं ट्यूनिंग, या कोनाला ते झेपतं. मांडीवर घेऊन बारनं हळू वाजवलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथनंच म्हणाल्या, हां, थांबू नका.

जुना कोन त्यांनी ठेवून घेतला नाही, गिटारीसंगट असू दे म्हणाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, बिस्किट आणि पट्टीसकट, पेटीच्या कप्प्यात ठेवलाय, वर चिठ्ठी लावलीय: ए ट्यूनिंग फक्त यावर.